दरज : औंढ्याच्या देवळापासून न्हाणीच्या फरशीपर्यंत



इतिहासाचं व्याख्यान म्हटलं की आपण राजघराणी, लढाया, ताम्रपट अशा तयारीने येऊन बसतो. आज मात्र आपण दोन-तीन मिलिमीटर रुंदीच्या एका गोष्टीवर बोलणार आहोत. दोन फरश्यांमधला सांधा. विषय ऐकून मागच्या रांगेत काही जण हसले, तेही बरोबरच आहे. आम्हालाही आधी हसूच आलं होतं. पण आपल्या हिंगोली जिल्ह्यात या सांध्याच्या मागे लागलं की माणूस सात-आठशे वर्षं मागे जातो आणि परत येतो तो थेट आपल्या न्हाणीत. तर आपण तसंच जाऊन येऊ.

सुरुवात आमच्याच घरापासून. आमच्या न्हाणीतल्या टाइल्सचे सांधे काळे पडायचे. दर दिवाळीला आम्ही बाजारातून ऍसिडची बाटली आणायचो, ओतायचो, खराट्याने घासायचो. फेस यायचा, सांधे पांढरे दिसायचे, आम्ही खूश. काही वर्षांत सांधे खोल गेले. मग पलीकडच्या खोलीच्या भिंतीला ओल आली. एका मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी वाटीभर पांढरं सिमेंट कालवलं, सांध्यांवरून फासलं, तासाभरात काम संपलं. सहा महिन्यांत त्याचे पापुद्रे निघून मोरीच्या जाळीत अडकायला लागले.

मग एक वयस्कर गवंडी आले. त्यांनी आधी काहीच केलं नाही. खिशातलं नाणं काढलं आणि एकेक टाइल वाजवून बघितली. भरीव आवाज कुठे, पोकळ कुठे. मग खिळ्याने एक सांधा खरवडला आणि म्हणाले, "या दरजा आधी रिकाम्या कराव्या लागतील. जुनं काढल्याशिवाय नवं धरत नाही."

"दरज" हा शब्द ऐकून आम्ही थबकलो. जुन्या वाड्यांच्या, गढ्यांच्या दगडी भिंतींबद्दल बोलताना हा शब्द आम्ही शंभरदा ऐकला होता. चुन्याच्या दरजा, दरजा भरणं. तो आमच्या न्हाणीत, गुजरातहून आलेल्या टाइल्सच्या मध्ये राहत असेल असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

शब्द मूळचा फारसी. दर्ज़ म्हणजे शिवण. हिंदीत शिंप्याला दर्जी म्हणतात तो याच शब्दावरून. म्हणजे कपड्याची शिवण आणि भिंतीचा सांधा, दोन्हींना एकच नाव. नर्सीचे नामदेव महाराज शिंपी समाजातले, त्यामुळे आपल्या जिल्ह्याला शिवणीचं महत्त्व वेगळं सांगायला नको. कुठल्याही शिंप्याला विचारा, शिवणीचा दोरा कसा असावा? तो सांगेल, कापडापेक्षा जड, ताठ नसावा. ओढ बसली तर शिवण उसवली पाहिजे, कापड फाटता कामा नये. उसवलेली शिवण पुन्हा घालता येते. कापड फाटलं तर ठिगळाशिवाय इलाज नाही.

आजचं सगळं व्याख्यान या एका वाक्यात आहे. सांधा हा इमारतीतला बदलण्यासाठी ठेवलेला भाग आहे. ज्या-ज्या काळात लोकांनी तो लपवायचा किंवा दगडापेक्षा टणक करायचा प्रयत्न केला, त्या-त्या काळात त्याची किंमत दुसऱ्या कशाने तरी मोजली. आता हे पायरीपायरीने बघू.

पाणी आणि सांधा यांचं भांडण किती जुनं? मोहेंजोदडोचं महास्नानगृह आपण शाळेत शिकलो. साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीचं, जवळपास बारा मीटर लांब, सात मीटर रुंद. त्याच्या विटा घासून-जुळवून बसवल्या आहेत आणि सांध्यांत जिप्समचा मसाला आहे. पण आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट त्याच्या मागे आहे. विटांच्या पाठीमागे डांबरासारख्या बिटुमेनचा थर दिलेला आहे. म्हणजे त्या गवंड्यांना ठाऊक होतं की सांधा पाणी अडवतो, पण पूर्ण थांबवत नाही. पाणी थांबवायचं काम मागच्या थराचं. आज आपण घरात नेमकं हेच विसरतो. सांध्यात काहीतरी भरलं की गळती बंद होईल असं आपल्याला वाटतं. खालचं वॉटरप्रूफिंगच गेलं असेल तर नुसत्या दरजा भरून भागत नाही.

आता आपल्या मुलखात येऊ. मराठवाड्यातलं गाव म्हणजे काळी आणि पांढरी. काळी म्हणजे रान, पांढरी म्हणजे वस्ती. जुन्या कागदांत गावाच्या वस्तीच्या जागेलाच पांढरी म्हटलेलं असतं. ही नुसती नावं नव्हेत, तो जमिनीचा अभ्यास आहे. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात रानाला पडलेल्या भेगांत हात जातो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. तिच्यावर घर उभं राहत नाही. म्हणून वस्ती पांढरीवर. भिंतीत दगड, दगडांच्या मध्ये माती, माथ्यावर लाकडाचं माळवद आणि त्यावर पांढऱ्या मातीचं धाबं.

आणि खाली जमीन कसली? शेणाने सारवलेली. तिच्यात सांधाच नव्हता. पण ती जमीन दर आठवड्याला, सणावाराला नव्याने सारवावी लागायची. भेग पडली की बुजवली, पोपडा निघाला की लिंपला. हे काम घरातल्या बाया करायच्या, आणि ते इतकं रोजचं होतं की इतिहासाच्या पुस्तकात त्याला जागाच मिळाली नाही. पण इमारतीची देखभाल म्हणतात ती हीच. पुढे फरशी आली तेव्हा लोकांना वाटलं, सारवणाची कटकट गेली. आमचं म्हणणं असं की ती गेली नाही, ती सांध्यात जाऊन बसली.

याच मुलखात, याच काळ्या दगडावर, औंढा नागनाथ उभं आहे. आजचं देऊळ यादवकाळातलं, तेराव्या शतकातलं मानलं जातं. आपण त्याला हेमाडपंती म्हणतो. हेमाद्री हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या काळातला मोठा अधिकारी. त्याच्या आधीच्या देवळांनाही लोकांनी त्याचंच नाव देऊन टाकलं, हा भाग वेगळा. या बांधणीची सर्वांना माहीत असलेली खूण म्हणजे चुन्याशिवाय रचलेले चिरे. दगड इतका घोटून सपाट करायचा की त्याने वजनावरच बसायचं. जिथे गरज तिथे एका दगडाला खाच, दुसऱ्याला कुसू. पुढच्या वेळी औंढ्याला गेलात की दर्शन झाल्यावर बाहेरच्या भिंतीजवळ दहा मिनिटं उभे राहा. जिथे दगड झिजलेला नाही तिथे दोन चिऱ्यांमधली दरज शोधावी लागते.

म्हणजे सांधा दिसू नये ही हौस आजची नाही. आज टाइल्सच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणतं, "जॉइंट दिसायला नको हं." यादवांच्या पाथरवटांनी ते करून दाखवलं होतं. मग फरक काय? त्या दगडांना कोणी चिकटवलेलं नव्हतं. जमीन हलली, ऊन तापलं, तर चिरा केसभर सरकायचा आणि पुन्हा बसायचा. सांध्यात मसाला नव्हता, पण हालचालीला वाव होता. आजची टाइल खाली घट्ट चिकटवलेली असते. तिला शेजारणीच्या अगदी अंगावर टेकवून बसवली तर सरकायला जागाच नाही. नुसत्या दिसण्याची नक्कल केली आणि त्यामागची युक्ती सोडून दिली, असं झालं.

औंढ्याला अजून एक गोष्ट बघण्यासारखी आहे. देवळाचा खालचा भाग कोरीव काळ्या दगडाचा, आणि वर बघाल तर बांधकाम एकदम बदलतं. वरचा भाग नंतरचा आहे, विटा आणि चुन्याचा. त्या पुनर्बांधणीचं श्रेय अहिल्याबाई होळकरांना दिलं जातं. म्हणजे एकाच इमारतीत सांध्याचे दोन काळ एकावर एक उभे आहेत. खाली बिनचुन्याचा, वर चुन्याचा.

चुन्याबद्दल थोडं सविस्तर बोलू, कारण आपल्या दरजेचा खरा इतिहास तिथे आहे. आपल्या काळ्या रानात नांगराला पांढरे खडे लागतात. ती चुनखडी. ती भट्टीत साधारण नऊशे अंशांवर भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. हे काम लोणारी समाजातले लोक करायचे. कळीवर पाणी टाकलं की ती खदखदून फुटते. मग वाळू घालून घाणीत मळायचा. गोल दगडी चर, त्यात फिरणारं दगडी चाक, आणि चाक ओढणारे बैल. त्यात कुठे गूळ, कुठे बेलफळाचा गर, कुठे हिरड्याचं पाणी, कुठे ताग. अशा भरीची परंपराही जुनी. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अवशेष सापडल्याचं संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झालं. ते मसाल्यातले तंतू म्हणून वापरलेले होते.

हा चुना भिंतीत गेला की हवेतला कार्बन डायऑक्साइड पुन्हा शोषून घेतो आणि हळूहळू परत दगड होतो. शिवाय आपल्या खड्यांत थोडी चिकणमाती असते, म्हणून त्यांचा चुना ओलाव्यातही आवळतो. त्याची ताकद मात्र बेताची. अंदाज यावा म्हणून सांगतो. साध्या चुन्याचा मसाला दर चौरस सेंटीमीटरला दहा-वीस किलो भार सोसतो. एकास चार सिमेंटचा मसाला पंचाहत्तरच्या आसपास. आपला काळा दगड हजाराच्या वर. चुना कमजोर आहे खराच. पण भिंत थोडी खचली तर तडा चुन्यात जातो, विटेत जात नाही. बारीक चीर असेल तर पावसाच्या पाण्यात विरघळलेला चुना तिच्यात पुन्हा जमतो आणि ती बुजते. आणि भिंतीत शिरलेलं पाणी चुन्याच्या दरजेतून बाहेर पडू शकतं. शिंप्याचा तोच नियम. शिवण उसवेल, कापड टिकेल. फक्त दर पिढीला कोणीतरी दरजा भरायला हव्यात.

आता सिमेंट. इंग्लंडात लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन नावाच्या गवंड्याने १८२४ साली पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं. आपल्या देशात १९१४ साली पोरबंदरला त्याचं उत्पादन नीट सुरू झालं, आणि १९३६ साली दहा कंपन्या एकत्र येऊन एसीसी झाली. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. त्याच राज्यात शहाबाद होतं, आज ते कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यात आहे. तिथली फरशी रेल्वेने मराठवाडाभर आली. इथे बसलेल्या निम्म्या लोकांचं बालपण शहाबादी फरशीवर गेलं असेल. उन्हाळ्यात दुपारी तिच्यावर पाणी मारून झोपायचं, आठवतंय ना? त्याच शहाबादला सिमेंटचा कारखानाही निघाला. गंमत बघा, फरशी चुनखडीच्या दगडाची आणि सिमेंटही चुनखडीच्या दगडाचंच.

पण सिमेंट लगेच घरोघरी आलं नाही. स्वातंत्र्यानंतर कितीतरी वर्षं ते परमिटवर मिळायचं. घराला चार पोती हवीत तरी अर्ज. हे नियंत्रण १९८२ साली अंशतः उठलं आणि १९८९ साली पूर्ण. सिमेंट दुकानात सहज मिळायला लागलं आणि चुन्याच्या घाणी बंद पडल्या. एका पिढीत गवंड्याच्या हातातला मसाला बदलला. सिमेंट पटकन आवळतं, चुन्यासारखी आठवडेच्या आठवडे वाट बघावी लागत नाही, त्यामुळे कोणालाही दोष देता येत नाही. पण मसाला बदलला तेव्हा जुन्या भिंती बदलल्या नव्हत्या. गावोगावच्या देवळांत, बारवांत, गढ्यांत, वाड्यांत चुन्याच्या दरजा झिजल्या की लोकांनी भक्तीने, वर्गणी काढून, त्यांत सिमेंट भरलं. चांगल्या मनाने केलं. काळा दगड टणक, तो लगेच फुटत नाही. पण भिंतीच्या पोटात चुना आणि बारीक दगडांची भर असते. तिच्यात वरून शिरलेलं पाणी आता दरजेतून बाहेर येऊ शकत नाही. ते आतच राहतं, खालचा चुना धुऊन काढतं, आतल्या बाजूला क्षार आणतं. विटेची भिंत असेल तर विटेचा चेहराच सुटून येतो आणि सिमेंटची दरज जाळीसारखी पुढे उभी राहते. दरज जिंकली आणि वीट हरली. अशी भिंत दिसली की समजा, तिथे कापडापेक्षा दोरा जाड झाला.

फरशीकडे परत येऊ. मुंबईत १९२२ साली भारत फ्लोअरिंग टाइल्स ही स्वदेशी कंपनी सुरू झाली आणि सिमेंटच्या रंगीत फरश्या देशात बनू लागल्या. मग आली मोझॅक. मोझॅक बसवल्यावर सांध्यात त्याच रंगाचं सिमेंट ओतायचे आणि यंत्राने सगळी जमीन एकजीव घासायचे. शेवटी गुजरातेतल्या मोरबीहून सिरॅमिक आणि विट्रिफाइड टाइल्स आल्या. विट्रिफाइड टाइल पाणी जवळपास शोषतच नाही, अर्ध्या टक्क्याहून कमी. म्हणजे जमिनीवर सांडलेल्या पाण्याला जायला एकच वाट उरली, सांधा. शहाबादी फरशी थोडं पाणी पोटात घ्यायची. टाइल घेत नाही. सगळा भार त्या दोन मिलिमीटरवर आला, आणि नेमका त्याच काळात आपण सांधा नसावा असं म्हणायला लागलो.

आता हिंगोलीचा खास प्रश्न. आपल्या पूर्वजांनी वस्ती पांढरीवर केली. आपण काय केलं? शहर वाढलं, पांढरी संपली, आणि आपण काळीत प्लॉट पाडले. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सगळीकडे रान बिगरशेती होऊन घरं झाली. कॉलम खोल जातात, त्यामुळे घर उभं राहतं. पण खोलीची जमीन कॉलमवर नसते, ती भरावावर असते. काळी माती नीट काढून मुरूम भरून धुमसला नाही, तर पावसाळ्यात जमीन उचलते आणि उन्हाळ्यात बसते. टाइल मधोमध फुगून येते, पोकळ वाजते, सांधा फुटतो. आपण म्हणतो ग्राउट खराब होतं. ग्राउटचा काही दोष नाही. खाली काळी आणि पांढरी यांचा जुना करार मोडलेला आहे, सांधा फक्त ती बातमी देतो.

गच्चीवर तर उन्हाचाही हिशेब असतो. दहा मीटर लांबीची टाइल्सची ओळ तीस अंशांच्या फरकाने साधारण दोन मिलिमीटर वाढते. आपल्या उन्हाळ्यात पहाटेची गच्ची आणि दुपारची गच्ची यांत एवढा फरक सहज पडतो. ती वाढ सांध्यांनी वाटून घेतली नाही तर टाइल उसळून वर येते.

इथे एक सावधगिरी. "सांधा मऊ हवा" एवढंच ऐकून घरी जाऊ नका. मऊ सांधा म्हणजे सुरक्षित घर, असं नाही, हे मराठवाड्याने फार मोठी किंमत देऊन शिकलंय. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणेश विसर्जन आटोपून लोक झोपले होते. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत मिळून हजारो माणसं गेली. त्या घरांच्या भिंती जाड दगडाच्या, सांधे मातीचे. भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांना बांधणारे आरपार दगड बऱ्याच ठिकाणी नव्हते. धक्क्याबरोबर भिंतीचे दोन्ही पदर सुटले आणि धाब्याची माती अंगावर आली. जिथे माळवद लाकडी खांबांवर तोललेलं होतं तिथे भिंत पडूनही छत उभं राहिल्याची उदाहरणं दिसली. म्हणजे शिवण कापडापेक्षा मऊ असावी हे खरं, पण कापडाला कापड धरलेलंही असावं लागतं. जिथे शिवणच नाही तिथे उसवण्याचा प्रश्नच येत नाही.

आणि हे आपल्यापासून लांब नाही. वसमत तालुक्यात पांगरा शिंदे परिसरातल्या लोकांनी जमिनीखालून येणारे गूढ आवाज वर्षानुवर्षं ऐकलेत. २१ मार्च २०२४ ला सकाळी दहा-बारा मिनिटांच्या अंतराने दोन धक्के बसले, पहिला ४.५ तीव्रतेचा. मग १० जुलै २०२४ ला पुन्हा ४.५. भांडी वाजली, लोक रस्त्यावर आले. आपण सगळे घरात परत गेलो तेव्हा भिंती बघितल्या. सांधे किती जणांनी बघितले? सांधा हा घराचा सर्वात आधी बोलणारा भाग. चीर फक्त ग्राउटमध्ये असेल तर ती घरगुती दुरुस्ती. तीच चीर टाइल कापत सरळ पुढे जाते आणि भिंतीवर चढते, किंवा महिन्यागणिक रुंद होते, तेव्हा ग्राउट भरून ती झाकू नका. तेव्हा अभियंत्याला बोलवायचं. तिथे सांधा भरणं म्हणजे साक्षीदाराचं तोंड बंद करणं.

आता आमच्या न्हाणीत त्या वयस्कर गवंड्यांनी काय केलं ते सांगतो, म्हणजे इतिहास हातात येईल.

पहिलं, पोकळ वाजणाऱ्या टाइल्स आधी काढून पुन्हा बसवल्या. सैल टाइलचा सांधा भरून उपयोग नाही. दुसरं, जुनं ग्राउट खरवडून काढलं. वरवर नाही, टाइलच्या जाडीच्या निम्म्याहून जास्त खोल, जमेल तिथे दोन-तृतीयांश. हातातली खरवडणी वापरली. वेळ लागला, पण कटर लावला असता तर टाइलच्या कडा उडाल्या असत्या. कटर लावायचाच असेल तर पाणी मारत लावा आणि नाकाला चांगला मास्क बांधा. त्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात बसते आणि निघत नाही. आपल्या घरात दोन दिवस काम करणारा माणूस हीच धूळ वर्षभर रोज खातो, एवढं लक्षात ठेवून त्याला मास्क आपणच आणून द्यावा.

तिसरं, दरजा ब्रशने झाडून, धुऊन, पूर्ण वाळू दिल्या. चौथं, ग्राउट घट्ट कालवलं. पाणी जास्त झालं की वाळताना आकसतं आणि चिरतं. नुसतं पांढरं सिमेंट याच कारणाने टिकलं नव्हतं. रबरी थापीने सांध्याला तिरकं दाबत भरलं, म्हणजे थापीची कड दरजेत शिरून माल उकरत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी पिळून घेतलेल्या स्पंजने पुसलं. ओल्या स्पंजने पुसलं की रंग आणि जोर दोन्ही जातात. पाचवं, आणि हे आम्हाला नवीन होतं. जिथे भिंत जमिनीला मिळते आणि जिथे दोन भिंती मिळतात, त्या कोपऱ्यांत त्यांनी ग्राउट भरलंच नाही. तिथे सिलिकॉन भरलं. म्हणाले, "या दोघी वेगवेगळ्या हलतात. त्यांच्यामध्ये कडक माल राहत नाही."

यादवांचा पाथरवट, चुन्याचा गवंडी आणि हे गृहस्थ, तिघांचं म्हणणं एकच निघालं. जे हलणार आहे त्याला हलायला जागा द्या.

आणि शेवटी त्यांनी आमची ऍसिडची बाटली उचलली, दाराबाहेर ठेवली. सिमेंट असो की चुना, ऍसिड त्याला खातं. आम्ही दर दिवाळीला बघायचो तो फेस मळाचा नव्हता. तो आमचा सांधा विरघळत होता.

वेळ संपत आली. आता दोन-तीन प्रश्न घेऊ.

एक प्रश्न आलाय, इपॉक्सी ग्राउट भरलं तर कायमचं काम होईल का? न्हाणी आणि ओट्याजवळ इपॉक्सी चांगलं. डाग धरत नाही, पाणी पीत नाही. पण महाग आहे, पटकन आवळतं त्यामुळे सरावाचा हात लागतो, आणि पुढे कधी काढावं लागलं तर टाइलची कड सांभाळून काढणं कठीण. कोपऱ्यात तेही नको. आणि "कायमचं" हा शब्द सांध्यासाठी वापरूच नका. सांधा कायमचा नसतो, म्हणून टाइल टिकते.

दुसरा प्रश्न, आमच्या गावच्या जुन्या देवळाच्या दरजा उघड्या पडल्यात, वर्गणी जमली आहे, काय करावं? आधी थांबा. वर्गणी जमली की काम उरकायची घाई होते. देऊळ संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही. संरक्षित नसेल तरी चुन्यात काम करणारा जाणकार शोधा. कुठली दरज मुळात कोरडी होती आणि कुठली चुन्याची, हे आधी ओळखावं लागतं. हेमाडपंती भिंतीत जिथे कधीच मसाला नव्हता तिथे सिमेंट फासून ठेवू नका. आणि पहिलं काम दरजेचं नसतंच बहुतेक वेळा. माथ्यावर उगवलेलं पिंपळाचं रोप आणि तुंबलेली पाण्याची वाट, हे आधी बघा.

तिसरा प्रश्न एका ताईंचा आहे. त्या म्हणतात, "आमच्या सासूबाई सारवायच्या, मी सांधे घासते, फरक काय पडला?" ताई, आम्ही तासभर जे सांगत होतो ते तुम्ही एका वाक्यात सांगितलंत. फरक एवढाच की सासूबाईंच्या कामाला घरात सारवण हे नाव तरी होतं. तुमच्या कामाला अजून नाव नाही. घरातल्या बाकीच्यांनी या रविवारी एक नाणं घेऊन न्हाणीतल्या टाइल्स वाजवून बघाव्यात, म्हणजे निदान ते काम कोणाकोणाचं आहे यावर बोलणं तरी सुरू होईल.